यरीहोच्या वाटेने एकटा का गेलास?

काही रविवारांपूर्वीची गोष्ट. सकाळची मराठी मिस्सा आटोपली होती आणि नेहमीप्रमाणे चर्चच्या आवारात आम्ही चौघे-पाचजण बोलत उभे होतो. विषय निघाला आपल्याच धर्मग्रामातील एका वयस्क भगिनीचा. त्यांना फोनवरून फसवून कोणीतरी त्यांची आयुष्यभराची पुंजी काढून घेतली होती. त्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, "इतक्या शिकलेल्या बाई, एवढेही कळू नये?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी दुसरा विषय काढला आणि आम्ही चहाला गेलो.

हे वाक्य कोण बोलले ते महत्त्वाचे नाही. मान आम्ही सगळ्यांनीच डोलावली होती.

त्या भगिनी त्यानंतरचे तीन रविवार मिस्साला दिसल्या नाहीत. म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. एका सकाळी फोन आला. तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमचे आधार कार्ड वापरून खाते उघडले गेले आहे आणि त्यातून काळा पैसा फिरला आहे, असे पलीकडच्याने सांगितले. पाठोपाठ व्हिडिओ कॉल. पडद्यावर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभाचे चित्र, टेबलावर छोटा तिरंगा. तुम्ही आता 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, कोणाजवळ एक शब्द बोललात तर मुलालाही उचलू. दीड दिवस त्या त्या पडद्यासमोर बसून होत्या. स्वयंपाकघरात जायचे तरी परवानगी मागत. दुसऱ्या दिवशी दुपारी, "तपासणीसाठी पैसे सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील," असे सांगितले गेले. मुलाने सोयीसाठी मोबाइलवर टाकून दिलेल्या बँकेच्या ॲपमधून त्यांनी मुदत ठेवी मोडल्या आणि पैसे पाठवले. बँकेत फेरी मारावी लागू नये म्हणून केलेली ती सोय होती.

मुलाला त्यांनी हे सांगितले चार दिवसांनी. आम्ही विचारले, लगेच का नाही सांगितले? त्या म्हणाल्या, "धमकीची भीती दुसऱ्याच दिवशी गेली होती हो. पण 'दिलेस कसे?' असे तो विचारणार, त्याला काय उत्तर देऊ, हेच सुचत नव्हते." मग थोडे थांबून म्हणाल्या, "चर्चमध्येही लोक तेच विचारणार."

आम्ही खाली मान घालून ऐकले.

असे प्रकार आता घरोघरी पोहोचले आहेत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिजिटल अरेस्ट आणि तत्सम गुन्ह्यांत २०२२ साली सुमारे ९१ कोटी रुपये गेले होते. २०२४ साली हा आकडा १,९३५ कोटींवर गेला. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये स्पष्ट सांगितले की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. ते खरेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे खोटे आदेश दाखवून एका वृद्ध दांपत्याला लुटल्यावर न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला. हे सर्व आपण वर्तमानपत्रात वाचतो, आणि वाचून झाल्यावर मनात म्हणतो की आपण नसतो फसलो.

ही खात्री आपल्याला कुठून मिळते? आपल्या गिरगावातलीच एक जुनी घटना आठवून पाहा. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाऊसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयची धाड पडली. स्वतःला मोनसिंग म्हणवणाऱ्या एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताजमहाल हॉटेलात मुलाखती घेऊन, तरुणांची 'भरती' केली होती. त्यांना घेऊन तो पेढीत शिरला. वॉरंट दाखवले. सोन्याचे नमुने तपासायचे म्हणून लाखो रुपयांचे दागिने गोळा केले आणि निघून गेला. तो पुढे कधीच सापडला नाही. २०१३ साली त्यावर हिंदी चित्रपटही निघाला आणि आपण तो मोठ्या मजेने पाहिला. आता बघा, पेढीवर बसलेली माणसे काही अडाणी नव्हती, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचा खिसा ओळखणारी होती. भरती झालेले तरुण सुशिक्षित होते आणि आपण खरोखर सरकारी नोकरीत लागलो आहोत, असेच समजून ते धाडीत सामील झाले. त्यांना कोणी मूर्ख म्हणत नाही. त्या ठकाच्या चातुर्याचेच कौतुक होते. (हे कौतुकही आम्हांला खटकते, पण तो विषय वेगळा.) मग घरात एकट्या बसलेल्या वृद्ध स्त्रीच्या बाबतीतच आपण ठकाला सोडून तिच्या बुद्धीचे माप का काढतो? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

२०२४ साली लुधियानाचे ज्येष्ठ उद्योगपती एस. पी. ओसवाल यांनाही असेच फसवले गेले. त्यांना तर ऑनलाइन खोटे न्यायालय दाखवण्यात आले, समोर सरन्यायाधीशांचे सोंग. सात कोटी रुपये गेले. वयाच्या ८२व्या वर्षी, पद्मभूषण मिळालेल्या या माणसाने पोलिसांत तक्रार केली आणि जगापुढे येऊन सांगितले. बरीचशी रक्कम परत मिळाली. लाज बाजूला ठेवून लवकर बोलल्याचा तो फायदा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तो पैशाचा आहेच, पण त्याआधी नीतीचा आहे. बटण त्या भगिनींनीच दाबले ना? पासवर्ड त्यांनीच टाकला ना? मग ती त्यांची कृती नव्हे काय?

संत थॉमस अक्विनास यांनी याच गाठीचा विचार केला आहे, आणि त्यासाठी ॲरिस्टॉटलचा एक दाखला घेतला आहे. वादळात सापडलेल्या जहाजाचा तांडेल माल समुद्रात फेकून देतो. फेकणारा हात त्याचाच असतो, त्या क्षणी निर्णयही त्याचाच असतो. पण वादळ नसते तर त्याने तसे कधीच केले नसते. म्हणून भीतीपोटी केलेली कृती एका अर्थी स्वेच्छेची असते आणि एका अर्थी नसते, असे संत थॉमस म्हणतात. ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही हेच सांगत आली आहे: अज्ञान, जबरदस्ती, भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधी कधी नाहीशीही होते. गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, हे आपण सर्वजण पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकलो आहोत. पापनिवेदनाच्या वेळी फादर आपल्याला ही सवलत देतात. शेजाऱ्याला ती द्यायची वेळ आली की मात्र आपण हात आखडतो.

बँकांचे नियमही याच गाठीपाशी अडखळलेले दिसतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेले परिपत्रक त्या काळाच्या मानाने चांगलेच होते. ग्राहकाची काही चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि त्याने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे त्याने स्वतःच आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. ज्याच्या खिशातून चोराने पैसे काढले तो एका बाजूला. ज्याला चोराने घाबरवून खिशात हात घालायला लावला तो दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्याला 'निष्काळजी' म्हणणे आम्हांला पटत नाही. आमच्या त्या भगिनी दीड दिवस जागेवरून हलल्या नव्हत्या. इतकी काळजी तर त्यांनी कधीच घेतली नसेल.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तेथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणे बँकांवर बंधनकारक झाले. भार निम्मा पैसे पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा, हे महत्त्वाचे, पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर. कारण चोराचे खाते कुठल्या तरी बँकेनेच उघडून दिलेले असते.

यावर आमच्यातल्याच एकाने, जे स्वतः बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आहेत, आक्षेप घेतला. बँकेचा पैसा म्हणजे शेवटी दुसऱ्या ठेवीदारांचाच पैसा. सगळेच परत मिळणार म्हटल्यावर लोक सावध राहतील का? आणि चोराशी संगनमत करून खोटी भरपाई मागणारे निघणार नाहीत का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. इंग्लंडच्या नियमातही घोर बेपर्वाईला अपवाद ठेवलेला आहे तो त्यासाठीच. पण सावधपणा शिकवण्यासाठी एका वृद्धेची सारी पुंजी ही फी जबर झाली. आणि ज्या घाईने पैसा आज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, ती घाई त्या भगिनींनी मागितली नव्हती. ती बँकांनी, मोबाइल कंपन्यांनी आणि सरकारने मिळून आणली. त्यातून खर्च वाचला तो कोणाचा, तेही पाहायला हवे.

गिरणगावात पूर्वी गावी पैसे पाठवायचे म्हणजे पोस्टात मनिऑर्डर करायची. लिहिता न येणाऱ्याचा फॉर्म शेजारचा कोणी भरून देई, खिडकीपलीकडचा कारकून वाचून दाखवी, गावात पोस्टमन साक्षीदारासमोर अंगठा घेई. पैसे पोहोचायला दिवस लागत. आम्हांला ते दिवस परत नकोत. रांगेत उभे राहून आमचेही पाय दुखलेले आहेत. पण त्या वाटेवर तीन-चार माणसे भेटत, आणि त्यातला एखादा तरी विचारी, "काय हो, एवढे सगळे एकदम कुठे पाठवता?" बँकेच्या काउंटरवरही हा प्रश्न विचारला जाई. मोबाइल हा प्रश्न विचारत नाही. तो फक्त पिन विचारतो. सत्तरीच्या माणसाने सर्व ठेवी एका दुपारी मोडल्या, तर ते पैसे एक-दोन दिवस थांबवून ठेवायला काय हरकत आहे? इंग्लंडमध्ये संशय आल्यास बँकेला पैसे आणखी ७२ तासांपर्यंत रोखता येतात. आपल्याकडे अशी मुभा प्रत्येक वृद्ध ग्राहकाला स्वतःहून निवडता यावी, असे आम्हांला वाटते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. यरूशलेमहून यरीहोला जाणारी ती उताराची वाट लुटारूंसाठी बदनाम होती. तरीही तो माणूस तिने एकटाच निघाला होता. प्रभू येशू त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो कोण, शहाणा की बावळट, एवढा ऐवज घेऊन का निघाला, काहीच सांगत नाही. याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? कदाचित हेच: या वाटेने एकट्याने येतात का? शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि जास्त लागले तर परतीच्या वेळी देईन म्हणाला. म्हणजे नुकसानीचा काही भाग त्याने स्वतःच्या अंगावर घेतला, उतारशाळेवाल्यानेही काही काळ उधारी सोसली. जखमी माणसावर सगळे ढकलले नाही.

आम्ही मात्र त्या सकाळी दुसऱ्या बाजूने निघून गेलो होतो, आणि तेही मिस्सानंतर लगेच. चोराला हवे होते की बाईंनी कोणाशी बोलू नये. तो फोन ठेवून निघून गेल्यावरही त्या चार दिवस बोलल्या नाहीत. हे पुढचे चार दिवस त्याचे काम आपण केले, आपल्या 'एवढेही कळू नये'ने. पहिल्या काही तासांत १९३० या क्रमांकावर फोन झाला असता, तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता होती. चार दिवसांनी पोलिसांनी तक्रार घेतली, बँकेने अर्ज घेतला. तपास चालू आहे.

म्हणून आमची एक विनंती आहे. कोणावर असा प्रसंग आला, तर आधी १९३० लावावा, आणि मग रात्रीचे कितीही वाजले असले तरी आपल्या विभागातल्या कोणालाही उठवावे. उठणाऱ्याने पहिला प्रश्न "दिलेस कसे?" हा विचारू नये. "कोणत्या बँकेतून गेले आणि किती वाजता?" हा विचारावा, आणि सोबत जावे.

त्या भगिनी गेल्या रविवारी मिस्साला आल्या होत्या. हा लेख त्यांना आधी वाचून दाखवला आहे आणि त्यांची संमती आहे. ओळख पटेल असे एक-दोन तपशील त्यांनी गाळायला सांगितले, ते गाळले. आणखी एक अट त्यांनी घातली: रक्कम लिहायची नाही. ती आम्हांलाही कोणी विचारू नये.