पायगुण

पायगुण नावाची एक चीज आपल्याकडे आहे आणि ती नेहमी दुसऱ्याची असते. नवी सून घरात आली आणि सासऱ्यांना बढती मिळाली, की सुनेचा पायगुण चांगला. (सासरे अठ्ठावीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून होते, ते हिशेबात नाही.) त्याच आठवड्यात मिक्सर जळाला, की पायगुण वाईट. मिक्सरचे वाइंडिंग वाईट, असे कोणी म्हणत नाही. थोडक्यात काय, पाऊल पडले याला महत्त्व नाही; ते कोणाचे पडले, यावर सगळे अवलंबून.

अशा या देशात सर्वांचा पायगुण एकच मानणारी एक वस्तू कारखान्याकारखान्यांतून जमिनीवर पसरलेली असते. तिचे नाव सेफ्टी मॅट. माझा भाचा चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्याच्याकडून मला तिचे चरित्र कळले. दिसायला ती आपल्या दारातल्या पायपुसण्याची थोरली बहीण. जाड, काळी, गंभीर. फक्त वर 'सुस्वागतम्' लिहिलेले नसते. पत्रा वाकवणारे यंत्र किंवा रोबोचा फिरता हात, अशा धोक्याच्या जागेपुढे ती अंथरतात. बहुतेक मॅटच्या पोटात पत्र्याचे दोन थर असतात, आणि मध्ये दबणाऱ्या पट्ट्या घालून ते एकमेकांना शिवणार नाहीत अशी तजवीज केलेली असते. माणसाचा पाय पडला की वरचा थर खालच्याला टेकतो, विजेची वाट जुळते, आणि तारेने जोडलेल्या पेटीतला रिले यंत्राला सांगतो, 'थांब!' यंत्र थांबते. कारण विचारत नाही.

आता वजनाचे पाहा. वजन आपल्यालाही कळते, पण ते निराळे. 'साहेबांकडे त्याचे वजन आहे' असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, तो गृहस्थ बहुधा काडीपैलवान असतो. फायलीवर जे ठेवावे लागते ते वजन तर खिशात मावते. मॅट मात्र किलोच्या भाषेत बोलते. आयएसओ १३८५६ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या पहिल्या भागाप्रमाणे ३५ किलोंहून जड माणूस मॅटला कळलाच पाहिजे, आणि जिथे मुलेही येण्यासारखी असतील तिथल्या मॅटला २० किलोंच्या वरचे मूल. झाले! बाकी चौकशी नाही. मॅनेजिंग डायरेक्टर उभे राहिले तरी यंत्र थांबते, झाडू मारणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या तरी तेवढेच थांबते. डायरेक्टरसाहेब आहेत म्हणून ते अदबीने जरा जास्त थांबले, असे होत नाही.

हे ऐकल्यापासून मला एक प्रश्न छळतो आहे. 'थांबा' म्हणायचा अधिकार कोणाला असावा?

सुरू करायला आपल्याकडे कोणीही पुरतो. गल्लीतला लाउडस्पीकर नववीतला पोरगासुद्धा सुरू करतो. पण तो बंद करायला? तिसऱ्या मजल्यावरचे दुखणेकरी आजोबा चालत नाहीत. तिथे नगरसेवक लागतो. म्हणजे चालू करायला बोट पुरते, बंद करायला वजन लागते. या बाबतीत आपली एसटी शहाणी. थांबायला एक घंटी, निघायला दोन. थांबणे सोपे असावे आणि निघणे थोडे अवघड, एवढे तत्त्वज्ञान त्या दोरीत भरलेले आहे.

मॅटचा दुसरा गुण मला पहिल्याहून मोठा वाटतो. तिच्या दोन्ही थरांतून एक बारीकसा प्रवाह सतत खेळवतात आणि तो परत येतो की नाही, हे पेटी पाहत असते. तार तुटली, उंदराने कुरतडली, कनेक्शन सुटले, की प्रवाह येत नाही. आणि मग पेटी, कोणाचा पाय पडलेला नसतानाही, यंत्र थांबवते. ही युक्ती जुनी आहे. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७२ साली रेल्वेच्या रुळांतून असाच प्रवाह खेळवला. गाडी आली तर सिग्नल लाल, पण रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरीही लालच. खबर आली नाही, याचा अर्थ सगळे ठीक आहे असा नव्हे, तर काहीतरी बिघडले आहे असा धरायचा!

आमच्या व्यवहारात याच्या नेमके उलट. मी पूर्वी ज्या शाखेत होतो तिथे रोखपालाच्या पायाशी अलार्मचे बटण होते. दाबले की वाजायचे. तार आधीच तुटलेली असती तर ते वाजले नसते, आणि वाजत नाही म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो असतो. तेच घरात. सून गप्प आहे ना, मग सुखात आहे. म्हातारे वडील काही मागत नाहीत ना, मग त्यांना काही कमी नाही. हाताखालचा माणूस तक्रार करत नाही ना, मग त्याची तक्रार नाही. तार केव्हा तुटली, कोणाला पत्ता नसतो.

इथे एक व्यवहारी माणूस मला नेहमी अडवतो. तो म्हणतो, "हे लाड कशाला? ज्याने त्याने आपले लक्ष ठेवावे. मूर्खांना वाचवायला कारखान्याने का खर्च करावा?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर मला आमच्या काउंटरवर मिळाले. पेन्शनीसाठी एक निवृत्त कामगार यायचे. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, हा बँकेचा रिवाज. त्यांना डावा अंगठाच नव्हता. शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याने विचारले, "काका, लक्ष कुठे होतं तेव्हा?" काका शांतपणे म्हणाले, "साहेब, बावीस वर्षं लक्ष होतं. एक दिवस नव्हतं."

कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा जो कायदा होता, त्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरलेले होते. तर्जनीचे १४, मधल्या बोटाचे १२, करंगळीचे ७. आयुष्य टक्केवारीत गेलेल्या माझ्यासारख्यालाही हे कोष्टक वाचवले नाही. बावीस वर्षांच्या लक्षाचे व्याज त्यात कुठेच धरलेले नव्हते.

म्हणजे मॅट पुण्यवान झाली का? तर तसेही नाही. तिच्यावर चाळीस किलोंचे पोते टाकले तरी ती तितक्याच तत्परतेने यंत्र थांबवील. पुण्य असलेच तर ते ज्याने आधी हिशेब केला त्याचे. माणूस सेकंदाला १६०० मिलिमीटर चालतो, असे धरतात. (हे धरणाऱ्यांनी सकाळचे दादर स्टेशन पाहिलेले नाही, आणि दुपारचे आमचे ऑफिसही.) यंत्र थांबायला अर्धा सेकंद लागत असेल, तर चालण्याचे ८०० मिलिमीटर, आणि हात पुढे जाईल त्याचे आणखी १२००. म्हणजे मॅटची बाहेरची कड धोक्यापासून निदान दोन मीटरवर हवी. ज्याला कधी पाहिले नाही, ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्या गाफील पावलासाठी कोणीतरी टेबलाशी बसून ही दोन मीटर जागा सोडली. ओळखीच्या माणसाविषयी आपल्याला माया असतेच. हे अंतर मोजून सोडणे मला त्याहून कठीण वाटते.

आणि दुसरे पुण्य, ते अंतर राखणाऱ्याचे. भाचा म्हणतो, "मामा, मॅटला फसवायला अडाणी माणूस चालत नाही. तार कापली तर यंत्र थांबतंच. पॅनेल उघडून बरोबर ठिकाणी जंपर टाकावा लागतो. त्याला शिकलेलाच लागतो." तो जंपर टाकायला सांगणारेही कोणी राक्षस नसतात. माल संध्याकाळी जायचा असतो, यंत्र पुन्हा पुन्हा थांबत असते, आणि घड्याळाकडे बघून कोणीतरी म्हणते, "फक्त आजच्यापुरतं." भाच्याने एकदा नाही म्हटले. 'कामात अडथळा आणतो' असा शेरा त्याच्या नावावर पडला. मला विचाराल तर मॅटचे संपूर्ण वर्णन एवढेच आहे. त्या दिवशी ते भाच्याला लागू पडले.

एक गोष्ट राहिली. पाय उचलला म्हणून यंत्र आपोआप सुरू होत नाही. निदान जिथे मॅट नीट बसवली आहे, तिथे नाही. वेगळे बटण असते, तेही बाहेर, सगळी जागा नजरेत येईल असे. आत कोणी राहिले नाही ना, हे पाहायचे आणि मगच दाबायचे. निघायला दोन घंट्या, त्या या.

सध्या भाच्याच्या लग्नाचे पाहताहेत. ताई म्हणते, "मुलगी कशी, पायगुणाची हवी."

मी म्हटले, "पस्तीस किलोंच्या वर आहे ना? मग पायगुण पास. पण आल्यावर कधी गप्प गप्प दिसली, तर हातातलं काम थांबव आणि आधी तिला विचार."