पश्चात्ताप आणि परतफेड

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पश्चात्ताप या शब्दाइतका वारंवार ऐकूं येणारा दुसरा शब्द क्वचितच असेल. तो उपदेशांत असतो, प्रार्थनेंत असतो, बाप्तिस्म्याच्या प्रश्नोत्तरांत असतो. परंतु जो शब्द नित्य तोंडांत असतो, त्याचा अर्थ पुष्कळदा हातून निसटतो. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न वाचकांपुढें ठेवितों: ज्याला आपल्या पापाबद्दल मनापासून दुःख झालें, त्यानें पश्चात्ताप केला असें म्हणावयाचें काय?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकांतून सुचला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक वयस्क शेतकरी संध्याकाळच्या वेळीं आमच्याकडे आले. शेजाऱ्याच्या शेताचा बांध ते दरवर्षीं नांगरटीच्या वेळीं थोडाथोडा कोरीत आले होते. एका वर्षाला चार बोटें. परंतु वीस वर्षांत तीन हात रुंदीची पट्टी त्यांच्या रानांत आली. शेजारी ख्रिस्ती नव्हता. तो वारला होता आणि शेत त्याच्या विधवेकडे होतें. हें सांगतांना त्या गृहस्थांच्या डोळ्यांतून घळघळां पाणी वाहत होतें. आम्हीं त्यांच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली, क्षमेचीं वचनें वाचून दाखविलीं आणि "काका, आतां शांतीनें जा," असें सांगून निरोप दिला. पुढच्या रविवारीं ते प्रभुभोजनास बसले. कापणीच्या सणाला त्यांनीं जोंधळ्याची भरली टोपली आणिली व आम्हीं ती आनंदानें स्वीकारिली.

त्याच आठवड्यांत त्या विधवेची सून आम्हांला वाटेंत भेटली. ती म्हणाली, "पाद्रीबाबा, तुमच्या देवाला आमच्या रानातले दाणे चालतात व्हय?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं अश्रु पाहिले होते, पण बांध पाहिला नव्हता.

आपला मराठी शब्द पाहूं. पश्चात्ताप म्हणजे मागून होणारा ताप. हा ताप खरा असतो. परंतु शब्द तेथेंच थांबतो. नव्या करारांतील ग्रीक शब्द मेटानोइया हा आहे. त्याचा अर्थ मनाचा पालट. जुन्या करारांतील संदेष्टे शूब हें इब्री क्रियापद वापरितात. त्याचा साधा अर्थ वळणें, परत फिरणें. वाट चुकलेला मनुष्य वाटेंतच बसून रडला, तर त्याचें गांव जवळ येत नाहीं. त्याला उठून मागें फिरावें लागतें. ताप हा जागा करणारा आहे. चालणें निराळें आहे.

बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेकांठीं उपदेश करीत असतां लोकांनीं त्याला विचारिलें, आम्हीं काय करावें? लूककृत शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायांत त्याचें उत्तर आहे. अधिक रडा, असें तो म्हणाला नाहीं. ज्याच्यापाशीं दोन अंगरखे होते, त्याला त्यानें एक देण्यास सांगितलें. जकातदारांना ठरल्याहून अधिक घेऊं नका म्हणून सांगितलें. शिपायांना जुलूम करण्याची मनाई केली. ज्याचा जो धंदा, त्या धंद्यांतील पापापासून त्यानें वळावें, असा त्याचा रोख होता. आज तो आपल्या गांवीं आला, तर शेतकऱ्याला बांधाविषयीं, दुकानदाराला मापाविषयीं, आणि पाळकाला त्याच्या मुखस्तुतीविषयीं विचारील.

येथें कोणी म्हणेल, "क्षमा जर फुकट आहे, तर परतफेड कशाला? हें तर पुन्हां कर्मानें तारण झालें." हा आक्षेप हलका नाहीं. 1517 सालीं मार्टिन लूथर यानें विटेनबर्ग येथें 95 प्रबंध प्रसिद्ध केले, ते पापदंडाच्या माफीचीं पत्रें पैशांनीं विकलीं जात होतीं म्हणूनच. क्षमेला किंमत लाविणें हें शुभवर्तमान नव्हे. परंतु त्याच प्रबंधांतील पहिल्यांत त्याचें म्हणणें असें आहे कीं, विश्वासणाऱ्याचें सबंध आयुष्य पश्चात्तापाचें असावें, अशी प्रभूची इच्छा आहे. ज्यानें विकतची क्षमा नाकारिली, त्यानेंच स्वस्त पश्चात्तापहि नाकारिला.

यरीहो येथील जक्कयाची गोष्ट या आक्षेपाचें उत्तर देते. तीत क्रम पाहण्याजोगा आहे. जक्कयानें प्रथम पैसे परत केले आणि मग प्रभु त्याच्या घरीं गेला, असें झालें नाहीं. प्रभूनें प्रथम त्याला नांवानें हांक मारिली व त्याच्या घरीं उतरण्याचें ठरविलें. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि अर्धी मिळकत गरिबांना व लुबाडलेलें चौपट परत देण्यास तयार झाला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें जो आपण होऊन अपराध कबूल करी, त्यानें मूळ रक्कम व तिचा पांचवा हिस्सा द्यावयाचा असे. चौपट हा चोरलेलें मेंढरूं मारणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा दंड होता. जक्कयानें तो आपण होऊन स्वतःला लाविला. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे, तर क्षमेचें फळ आहे. परंतु ज्या झाडाला फळच नाहीं, तें जिवंत आहे काय, असें विचारावेंच लागतें.

उलट, केवळ परतफेडहि पुरी पडत नाहीं. यहूदा इस्कर्योतानें तीस रुपये परत नेले, आपलें पाप तोंडानें कबूल केलें, त्याला दुःखहि झालें. परंतु तो याजकांकडे गेला, प्रभूकडे गेला नाहीं. मत्तयानें त्याच्यासाठीं मेटानोइयाच्या जातीचा शब्द न वापरितां नुसत्या पस्तावण्याचा दुसरा शब्द वापरिला आहे. पेत्रानेंहि प्रभूला नाकारिलें होतें, आणि त्याच्यापाशीं परत देण्यासारखें कांहीं नव्हतें; पण तो प्रभूपासून पळून राहिला नाहीं. पापाकडे पाठ आणि देवाकडे तोंड, हीं दोन्हीं मिळून वळणें होतें. आणि देवाकडे वळलेला मनुष्य शेजाऱ्याच्या दारावरून मान खालीं घालून निघून जाऊं शकत नाहीं.

मग ज्याला परत देणें शक्यच नाहीं, त्यानें काय करावें? वधस्तंभावरील चोराचे हात खिळलेले होते. तो कांहीं फेडूं शकला नाहीं. तरी आपला दंड योग्य आहे हें त्यानें उघड मानिलें, आणि प्रभूनें त्याला स्वीकारिलें. देव नसलेलें मागत नाहीं. परंतु ज्याचे हात मोकळे आहेत, त्यानें त्या चोराच्या आड लपूं नये.

आम्ही त्या गृहस्थांकडे परत गेलों. प्रथम आमची चूक कबूल केली: जखम न धुतां आम्हीं तिच्यावर पट्टी बांधिली होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरं काय म्हणतील?" आणि खरोखरच तें सोपें झालें नाहीं. पेरणीच्या आधीं त्यांनीं त्या विधवेला बोलावून हद्दीचा दगड पूर्वीच्या जागीं रोविला. त्यांच्या थोरल्या मुलानें पुढें दोन वर्षें आमच्याशीं भाषण केलें नाहीं. ती बाई ख्रिस्ती झाली नाहीं. परंतु त्या कुटुंबांत प्रभूचें नांव आतां बांध कोरणाऱ्यांच्या देवाचें म्हणून घेतलें जात नाहीं.

उपदेशक बंधूंनो, कोणी रडत आला तर त्याचे अश्रु पुसा. क्षमेची सुवार्ता आखडून ठेवूं नका. परंतु त्याच्याबरोबर उठून शेजाऱ्याच्या दारापर्यंत चाला, कारण एकट्यानें ती वाट फार लांब वाटते. आणि निघण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या शेताचा बांध एकदां पाहून घ्या. प्रभु आपणां सर्वांस वळण्याचें बळ देवो.