शेवटचा पाव फेरा

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत एका ठरावीक दुखण्याचे फोन येऊ लागतात. कमरेला खोचलेला फोन वाकताना बांधीत पडतो, चिखलातून निघतो, दोन दिवस तांदळाच्या डब्यात मुक्काम करतो आणि मग आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या काउंटरवर पोचतो. तांदळाच्या जिल्ह्यात हा उपाय फुकटात होतो, गुण मात्र फारसा येत नाही. मेकॅनिक मागचे झाकण उघडतो तेव्हा चिखल वाळून पांढरट झालेला असतो आणि बोर्डावरच्या पत्र्याचे स्क्रू तांबूस पडलेले असतात. धानाच्या दाण्याहूनही लहान, दीड मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचे हे स्क्रू डोळ्यांना कसेबसे दिसतात. बोटांना मात्र त्यांच्याबद्दल बरेच कळते.

हे स्क्रू पूर्वी चिमटीत धरायच्या पेचकसाने काढत. आता अनेक काउंटरांवर जाड पेनासारखा इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर दिसतो. पोटात लिथियम बॅटरी, टोकाशी चार मिलिमीटरचे बदलते बिट, भोवती सावली न पाडणारे छोटे दिवे आणि अंगावर पुढे-मागे फिरवणारी दोन बटणे. वेग मिनिटाला साधारण दोनशे फेरे. १.४ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूचे आटे ०.३ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे चार मिलिमीटर लांबीचा स्क्रू पूर्ण बसायला तेराएक फेरे लागतात. बोटांनी हे काम करायचे तर चिमूट तीसेक वेळा फिरवावी लागते. मोटर ते चार सेकंदांत उरकते. दिवसभरात आठ-दहा फोन आणि एखाददुसरा लॅपटॉप उघडून मिटवणाऱ्याच्या मनगटाला यातला फरक संध्याकाळी समजतो.

इथवर व्यवहार झाला. पण एवढ्याशा यंत्राने एक जुना, चांगलाच अवघड प्रश्न पुन्हा काउंटरवर आणून ठेवला आहे. स्क्रू कोणी बसवला? आणि तो बसवताना आटे गेले, डोके घासले किंवा बोर्डाला इजा झाली, तर ते कोणाच्या हातून झाले?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. हे सगळे जुळून आल्याशिवाय काही घडत नाही, आणि तरीही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असे गीतेचे म्हणणे. दुरुस्तीच्या दुकानात ही यादी सहज लावता येते. अधिष्ठान म्हणजे शरीर, वाटल्यास ते ज्या टेबलापाशी बसते तेही. कर्ता मेकॅनिक, करण पेचकस, चेष्टा म्हणजे त्याचे फिरणे, आणि दैव म्हणजे मागच्या वेळी हाच फोन कोणी व कसा उघडला होता. या हिशेबाने मोटर आल्याने काही बिघडत नाही. हात कधीच एकटा कर्ता नव्हता. एका करणाच्या जागी दुसरे आले, एवढेच.

पण हे उत्तर फार लवकर मिळते, आणि लवकर मिळालेले उत्तर या धंद्यात महागात पडते. भाष्यकारांनी करण म्हणजे मुख्यतः इंद्रिये असे मानले आहे. इंद्रियांचे आपल्याकडे दोन वर्ग आहेत, कर्मेंद्रिये आणि ज्ञानेंद्रिये. हात काम करतो, त्वचा कळवते. साध्या पेचकसाची खुबी अशी की तो दोन्ही वर्गांत बसतो. त्याच्यातून बळ स्क्रूकडे जाते आणि त्याच वाटेने स्क्रूची खबर बोटांकडे परत येते: आटा बरोबर लागला, मध्ये गोंद आहे, आता टेकला, आता थांब. मोटरच्या पेचकसात जाण्याची वाट रुंद झाली आणि येण्याची जवळपास बुजली. कर्मेंद्रिय बळकट झाले, ज्ञानेंद्रियाला गुंगी आली.

वारकरी परंपरेतली गोरोबा काकांची कथा इथे आठवावी. तेरढोकीच्या या कुंभाराने जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्के, कोण कच्चे हे पाहिले. बाकीचे गप्प राहिले, नामदेवांनी तक्रार केली आणि कच्चे ठरले. कथा सांगताना भर नेहमी नामदेवांच्या अहंकारावर आणि त्यांना पुढे मिळालेल्या गुरूवर दिला जातो. हत्याराकडे कोणी फारसे पाहत नाही. मडके घडवणारे थापटणेच मडके तपासणारे साधन होते, आणि म्हणूनच ती परीक्षा गोरोबांच्या हाती दिली गेली. तेच थापटणे मोटरवर चालत असते तर सगळ्या डोक्यांना सारखाच ठोका बसला असता.

काउंटरवर या ज्ञानेंद्रियाचे काम पाहायचे असेल तर स्क्रू काढताना पाहू नये, बसवताना पाहावे. मुरलेला मेकॅनिक स्क्रू भोकावर उभा करतो आणि आधी उलटा फिरवतो. अर्धा-पाऊण फेरा उलटा गेला की स्क्रू केसभर खाली उतरतो आणि बोटाला बारीकसा ‘टक्’ लागतो. आट्याचे तोंड आट्याला मिळाले. तिथून पुढे सुलटे फिरवायचे. हा ‘टक्’ न ऐकता मोटर थेट सुलटी चालवली तर स्क्रू तिरपा घुसतो आणि प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नळीचे आटे कापत जातो. त्याहून वाईट म्हणजे लांबीची चूक. आयफोनच्या एकाच पत्र्याखाली अंशाअंशाने कमी-जास्त लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो बोर्डाच्या थरांत शिरतो आणि आतल्या तारा तोडतो. दुरुस्तीच्या जगात या इजेला ‘लॉंग स्क्रू डॅमेज’ असे रीतसर नावच पडले आहे. म्हणून तर चुंबकी मॅटवर फोनचा नकाशा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवतात. हाताने बसवताना लांब स्क्रू वेळेआधी अडतो आणि बोट शंका घेते. मोटरला शंका येत नाही.

यावर यंत्रवाल्यांचे उत्तर आहे, आणि ते टाकाऊ नाही. चांगल्या ड्रायव्हरमध्ये पिळाची मर्यादा घातलेली असते. काही मॉडेलांच्या खालच्या गिअरवर ती ०.०५ न्यूटन-मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला ५० ग्रॅम टांगल्यावर जेवढा पीळ पडेल, साधारण तेवढी असते. भार वाढला की मोटर जास्त करंट ओढते, आतली चिप ते ओळखून थांबवते. म्हणजे यंत्रालाही एक इंद्रिय दिले आहे. प्रश्न असा की त्या इंद्रियाला काय कळते? भार वाढला, एवढेच. स्क्रू टेकल्यामुळे वाढला, तिरपा गेल्यामुळे वाढला की गंजामुळे, हे निव्वळ पिळावरून सांगता येत नाही. मोठ्या कारखान्यांतले ड्रायव्हर पिळासोबत फेऱ्यांचा कोनही मोजतात, त्यामुळे तिथे ही अडचण बरीचशी सुटते. कारण कारखान्यात प्रत्येक स्क्रू कोरा असतो, प्रत्येक भोक सारखे असते. बांधीतून आलेल्या फोनचा प्रत्येक स्क्रू आपापला इतिहास घेऊन येतो. सरासरीचे नियम तिथे लागू पडत नाहीत.

मग मोटर टाकून द्यावी काय? याचे उत्तर शोधायला गोंदियाहून फार लांब जावे लागत नाही. वर्धा विदर्भातच आहे, आणि यंत्रांचे वैरी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ते गांधीजी तिथल्या सेवाग्रामला राहिले. त्यांचे म्हणणे लोक समजतात त्यापेक्षा बारीक होते. १९२४ साली ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या एका संवादात त्यांनी यंत्रांना सरसकट विरोध नसल्याचे सांगितले आणि अपवाद म्हणून सिंगरचे शिलाई यंत्र पुढे केले. बायकोचे शिवणकामाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते केले, अशी त्यांची समजूत होती. (सिंगरच्या संसाराचा खरा इतिहास इतका गोड नाही, पण मुद्द्याला त्याने बाध येत नाही.) त्याच संवादात एक कमी आठवले जाणारे उदाहरण आहे. चरख्याची चाती वाकडी होते, ती सरळ करण्यासाठी प्रत्येक कातणाऱ्याकडे स्वतःचे छोटे यंत्र असावे, असे त्यांना वाटत होते. चाती करायचे काम लोहाराकडेच राहो; ती बिघडली तर सरळ करायची सोय मात्र घरात हवी. हे चक्क दुरुस्तीच्या हत्याराचे समर्थन आहे.

पुढे १९२९ मध्ये गांधीजींच्याच चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी अशा की यंत्र दीडशे रुपयांच्या आत व्हावे, वीस वर्षे टिकावे आणि खेड्यातल्या झोपडीत चालावे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्या अटींमागची कसोटी मात्र आजही उपयोगी आहे: यंत्राने माणसाचे अवयव निकामी करू नयेत. इलेक्ट्रिक पेचकसाला ही कसोटी लावली तर निकाल चमत्कारिक लागतो. मनगटाच्या बाबतीत तो पास होतो, कारण वर्षानुवर्षे तीच चिमूट फिरवून अवयव निकामी होतात ते हातपेचकसानेच. विडीच्या धंद्यावर अनेक पिढ्या जगलेल्या या जिल्ह्याला, तेच ते बारीक काम हजारांच्या हिशेबाने करणारी बोटे संध्याकाळी कशी होतात, हे वेगळे सांगायला नको. पण बोटाच्या टोकाच्या जाणिवेच्या बाबतीत तोच पेचकस नापास होतो. जो पोरगा पहिल्या दिवसापासून मोटरवरच शिकला, त्याला तो ‘टक्’ कधी लागलेलाच नसतो. मनगट वाचले खरे, पण बोट अडाणी राहिले.

जाणते मेकॅनिक यातून मार्ग काढतात तो साधा आहे. उलटा फेरा हाताने, मधले दहा-बारा फेरे मोटरने, आणि शेवटचा पाव फेरा पुन्हा हाताने. बहुतेक ड्रायव्हरांचे बटण सोडले की तेच दांडके साध्या पेचकसासारखे पिळता येते, त्यासाठी हत्यार बदलावे लागत नाही.

या शेवटच्या पाव फेऱ्याला धर्मशास्त्रात जागा आहे, फक्त ती आपल्या ओळखीच्या ग्रंथांत नाही. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायली हा ज्यू समाज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी त्यांचे घाणे बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्यू परंपरेत शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक आहे हातोड्याचा शेवटचा ठोका: वस्तू जिच्यामुळे पुरी होते ती अखेरची क्रिया. विसाव्या शतकात वीज आली तेव्हा शब्बाथला बटण दाबावे की नाही यावर पंडितांत मोठा वाद झाला. ‘हझोन ईश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींचे मत असे की सर्किट पूर्ण करणे म्हणजे वर्ज्य कामांतले बांधकामच. श्लोमो झालमन ऑरबाख यांना ते पटले नाही, तरी बटण न दाबण्याची रूढी पाळावी असे त्यांनी सांगितले. वादाचा निकाल काही असो, त्यामागची दृष्टी दुरुस्तीवाल्याला जवळची वाटावी. काम किती केले यापेक्षा ते पुरे कोणत्या क्षणी झाले आणि त्या क्षणी कोणाचा हात होता, याला तिथे वजन आहे.

इकडे आपल्याकडे हत्यारांचा हिशेब पूजेने होतो. गोंदिया हावडा-मुंबई लोहमार्गावरचे जंक्शन, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून. त्यामुळे इथे १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजाही ओळखीची आणि अश्विनातली खंडेनवमीही. राइस मिलपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना झेंडूचा हार मिळतो. सरकारनेही १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्यात अठरा व्यवसाय आहेत आणि हत्यारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, न्हावी, शिंपी, कुलूप करणारा असे सगळे यादीत आहेत. मोबाईल मेकॅनिक नाही. ही परंपरागत व्यवसायांची यादी आहे, हे कबूल. पण गावात मोडलेली वस्तू घेऊन लोक आज सर्वांत जास्त ज्याच्या दारी जातात, त्याला विश्वकर्म्याच्या लेकरांत धरायचे की नाही, हा प्रश्न सरकारी कागदापुरता नाही.

खंडेनवमीला आणखी एक पेच येतो. पूजेला मांडलेले हत्यार त्या दिवशी वापरायचे नाही, असा जुना रिवाज. हातपेचकस ताटात ठेवला की तो विसावला. इलेक्ट्रिक पेचकस ताटात ठेवून त्याला चार्जिंगची वायर लावली, तर तो विश्रांती घेतो आहे की काम करतो आहे? शेवटच्या ठोक्याची कसोटी इथे लावायला हरकत नसावी. बॅटरी भरल्याने कोणतीही वस्तू पुरी होत नाही, कुठलाही स्क्रू टेकत नाही. ज्याला नवमीची सुटी द्यायची तो शेवटचा पाव फेरा आहे, आणि तो मोटरच्या वाट्याचा नव्हताच. तेव्हा वायर खुशाल लावावी. कुंकू मात्र बिटांच्या डबीवर वाहिलेले बरे. चार्जिंगच्या तोंडात पूड गेली, तर दसऱ्याच्या मुहूर्ताची पहिली दुरुस्ती देवाच्याच ताटातल्या हत्याराची निघायची.