नेम आणि नियत

शिरूर तालुक्यातले पिंपरखेड आमच्या वारूळवाडीपासून फार लांब नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. पाच वर्षांची मुलगी, ब्याऐंशी वर्षांची आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. ४ नोव्हेंबरच्या रात्री बेशुद्धीचा डार्ट चुकल्यावर वनखात्याच्या पथकाने एका बिबट्याला गोळी घातली. त्या दिवसांत आमच्या ओट्यावर एकच बोलणे होते: लांब पल्ल्याची रायफल हवी, जवळ जायची वेळच येऊ नये. एका तरुणाने मोबाइलवर रायफलींची चित्रे दाखवत विचारले, "चाचा, यातली कोणती बरी?"

प्रश्न तंत्राचा वाटतो आणि त्याचे उत्तरही तंत्रात देता येते. पन्नास-सत्तर किलोच्या बिबट्याला .३०८ विंचेस्टरचे काडतूस पुरे. रानम्हशीसाठीचे .३७५ मॅग्नम नको, कारण ज्याला दणका सोसत नाही तो चाप ओढतानाच दचकतो. गोळी आत शिरून पसरणारी हवी, म्हणजे जनावर तडफडत नाही. कुर्बानीआधी सुरीला धार लावावी, जनावराला यातना कमीत कमी व्हाव्यात, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. योग्य काडतूस निवडणे म्हणजे सुरीला धार लावणेच होय.

पण सुरी हाताच्या अंतरावर असते. शंभर मीटरवर नेम जुळवलेली .३०८ची गोळी चारशे मीटरवर सुमारे एक मीटर खाली उतरते आणि तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेते. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. मग छातीचा नेम पोटात लागतो आणि जखमी बिबट्या उसात शिरतो. त्याच उसात उद्या कोयता घेऊन कोणीतरी उतरणार असते. नेम साफ चुकला तर गोळी आणखी किलोमीटरभर पुढे जाते, आणि आमच्याकडे उसापलीकडे वस्ती असते.

आजच्या दुर्बिणी अंतर मोजतात, वाऱ्याचा हिशेबही मांडून देतात. समोरचा बिबट्या तोच आहे का, हे मात्र त्या सांगत नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्याला मारायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो, तो या ओळखीच्या प्रश्नामुळेही. ही ओळख सोडली की काय होते, ते जुन्नरने पाहिले आहे. २००१ ते २००३ या काळात इथले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, या काळात ते सतरावर गेले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. दिसेल त्याला धरण्याने गाव सुरक्षित झाले नाही.

सूरह माइदामध्ये इहराममधल्या माणसाची परीक्षा हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने होते. जे सहज हाती लागते, तिथेच नियत कळते. आज आपला भाला चारशे मीटर लांब झाला आहे. मग परीक्षा सोपी झाली की अवघड?

लेकरू गमावलेल्या आईसमोर हे बोलायची माझी हिंमत नाही. नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला मारूच नये, असेही मी म्हणत नाही. पण मारणाऱ्याने तो धोका थोडा तरी स्वतःच्या अंगावर घ्यायला हवा. आपण दूर राहून सुरक्षित झालो, तर चुकलेल्या गोळीची किंमत दुसराच कोणी भरतो. कधी ऊसतोडणी करणारी बाई, कधी निरपराध जनावर.

म्हणून त्या तरुणाला एवढेच म्हणालो, "बेटा, रायफल कोणतीही घे म्हणावं त्या नेमबाजाला. पण जिथून जनावर नक्की ओळखू येतं आणि जिथून त्याचा नेम कधी चुकलेला नाही, तिथवर त्यानं चालत जावं. त्याच्या अलीकडून मारू नये."

"आणि तिथवर जाईपर्यंत बिबट्या निघून गेला तर?" त्याने विचारले.

"तर पुन्हा जावं," मी म्हणालो. "पिंजरा लावावा, पोरांना एकटं सोडू नये, आणि पुन्हा जावं."