गाणें शिकविणारी मंडळी

शास्त्रपाठ : १ इतिहास २५ : १-८

दावीद राजानें मंदिराच्या सेवेसाठीं जी व्यवस्था लाविली तिचा हा अध्याय बहुतेक वाचक नांवांची यादी समजून ओलांडून जातात. आसाफ, हेमान व यदूथून ह्यांचे पुत्र, त्यांच्या पाळ्या. ह्यांत आपल्या आत्म्याच्या उपयोगाचें काय आहे, असें त्यांस वाटतें. परंतु सातव्या व आठव्या वचनांपाशीं आपण थोडें थांबूं या. तेथें गाणाऱ्यांची संख्या २८८ दिली आहे, आणि ते सर्व गायनांत शिकून तयार झालेले होते असें सांगितलें आहे. त्यांच्या कामाच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हां लहान व थोर, गुरु व शिष्य असा भेद ठेविला नाहीं. म्हणजे परमेश्वराच्या मंदिरांत शिकणाऱ्याला जागा होती. विद्या पुरी होईपर्यंत त्याला दाराबाहेर उभें केलें नव्हतें.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक समजूत फार खोल रुजली आहे. "आम्हांला गळा नाहीं," असें लोक म्हणतात, जणूं काय गळा हा माणसाच्या उंचीप्रमाणें जन्मतःच ठरून येतो! मंडळींत गाणारा एकच असतो. तो परगांवीं गेला किंवा प्रभूमध्यें निजला, म्हणजे मंडळीचें गाणेंही त्याच्यामागें जातें. अशा मंडळ्या आम्हीं पाहिल्या आहेत. पेटी कपाटांत पडलेली असते, भात्याला उंदरांनीं भोकें पाडलेलीं असतात, आणि रविवारीं मोबाइलवर गीत लावून लोक त्याच्यामागें नुसते ओंठ हालवितात. उपासना होते, पण ती दुसऱ्याच्या तोंडानें होते.

ह्या समजुतीचें उत्तर आमच्या पन्हाळा तालुक्यांतच मिळतें. कोडोली येथें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें ठाणें व दवाखाना होता, हें जुन्या वाचकांस माहीत आहे. त्या कोडोलीच्या लगत आज वारणानगर आहे. तेथें पूर्वीं माळ होता. तात्यासाहेब कोरे (१९१४-१९९४) ह्यांनीं शेतकऱ्यांस एकत्र करून त्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्याच्या मागोमाग शाळा, महाविद्यालय, दूधसंघ अशा संस्था निघाल्या. ऊस, साखर, दूध हें सर्व समजण्यासारखें आहे. त्यापासून पैसा होतो. परंतु ह्या गृहस्थांनीं वारणा बालवाद्यवृंद नांवाचा मुलांचा वाद्यमेळही उभा केला, आणि खेड्यांतील मुलें एका तालांत, एका सुरांत वाजवूं लागलीं. मोठमोठ्या शहरांतील व परदेशांतील श्रोत्यांनीं त्यांचें वादन ऐकलें. वारणेच्या पाण्यांत कांहीं निराळे गळे किंवा निराळीं बोटें निपजतात असें नाहीं. वाद्य मुलाच्या हातीं दिलें, शिकविणारा नेमला, आणि बसण्याची वेळ ठरविली; एवढ्यानेंच तें झालें. ऊस पिकविणारा गांव जर हें करूं शकतो, तर आठवड्यांतून एकदां गाण्यासाठींच जमणाऱ्या मंडळीनें तें कां करूं नये?

आमच्याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचें. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाड येथें झाला. लहानपणीं फटाक्यानें डोळ्यांस इजा झाली व शाळेंतील शिक्षण थांबलें. तेव्हां त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्याकडे गाणें शिकावयास ठेविलें. त्या काळीं विद्या गुरूच्या घरीं राहून, सेवा करून, वर्षांमागून वर्षें घालवून मिळवावी लागे. ज्याला तें साधत नसे त्याला ती मिळत नसे. पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय उघडलें, वर्ग लाविले, स्वर लिहिण्याची पद्धत बसविली, पुस्तकें छापिलीं. अशा रीतीनें घराण्याची विद्या शाळेची विद्या झाली. त्यांच्या गाण्यापेक्षां हें कार्य आम्हांस मोठें वाटतें.

आतां एका नाजूक गोष्टीविषयीं बोलणें भाग आहे. आमच्यापैकीं कित्येकांच्या आजोबांच्या घरीं हलगी, सनई, संबळ हीं वाद्यें खुंटीला होतीं. तीं वाजविण्यांत ते तरबेज होते. परंतु तें वाजविणें त्यांच्या मर्जीचें नव्हतें. ज्या लग्नाच्या पंगतींत त्यांस बसावयास मिळत नसे, त्याच लग्नापुढें त्यांस वाजवावें लागे; ज्या देवळाची पायरी चढावयास मिळत नसे, त्याच देवाच्या पालखीपुढें चालावें लागे. म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळीं कित्येकांनीं तें वाद्य खालीं ठेविलें तें पुन्हां उचललें नाहीं. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांत स्वाभिमान होता, आणि तो ख्रिस्तानेंच त्यांस दिला होता. पण त्या वाद्याबरोबर हातांतील विद्याही गेली. आज नातू तालासाठीं कळ दाबून वाजणारें यंत्र विकत आणतो, आणि ज्यांच्या बोटांना तो ताल अजून आठवतो असे वृद्ध मागच्या ओळींत गप्प बसलेले असतात. अपराध सक्तीचा होता, चामड्याचा नव्हता. स्तोत्र १५० उघडून पाहा : तेथें कर्णा व वीणा आहे, तसा डफही आहे, झांजही आहे. कोणा वृद्धाच्या मनाला अजून तें दुखत असेल तर त्याला आग्रह करूं नये. परंतु जो शिकवावयास तयार आहे, त्याच्याजवळ मुलें बसविण्यांत कमीपणा मानूं नये.

जुन्या मिशनऱ्यांनीं आपल्या देशाच्या चालींवर बसविलेलीं गीतें आम्हांस दिलीं. त्यांचे उपकार आहेतच. तरी त्या चालींत मराठी शब्द कित्येकदां ओढून ताणून बसवावे लागत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, आणि त्यांच्या पदांनीं व भजनांनीं मंडळीला तिचा स्वतःचा कंठ मिळाला. आमच्या भगिनींनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. जिच्या आजीनें पहाटे जात्यावर ओव्यांमागून ओव्या गाइल्या, ती नात म्हणते कीं मला गातां येत नाहीं! जातें गेलें, पण तो सूर घरांतून जाण्याचें कांहीं कारण नव्हतें.

शिकण्याच्या रीतीविषयीं उपदेशकबंधूंस थोडें सांगतों. मार्टिन लूथर ह्यांचें मत असें होतें कीं, ज्याला गातां येत नाहीं तो शाळेचा शिक्षकच नव्हे. हें आम्ही इतक्या कडक रीतीनें लावीत नाहीं. परंतु उपदेशकाला निदान सूर ओळखतां आला पाहिजे. प्रथम पेटीवर एकच षड्ज धरून ठेवावा आणि सर्वांनीं त्यांत आवाज मिसळावा. हें रोज पाव तास केलें तरी पुरे. बोटें नंतर. डाव्या हाताचा भाता एकसारखा चालावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर उजव्या हाताला पुष्कळ गीतें शिकविण्याची घाई करूं नये. ताल आधीं हातांनीं टाळी देऊन मोजावा. आठ मात्रा अंगांत भिनल्या म्हणजे मग ढोलकी किंवा तबला.

पट्टीविषयींही काळजी घ्यावी. वाजविणारा आपल्या गळ्याला सोईची पट्टी धरतो, आणि मग बायका व मुलें एक तर किंचाळतात किंवा गप्प होतात. पुष्कळ मंडळ्यांत स्त्रिया गात नाहींत ह्याचें कारण लाज हें नसून चुकीची पट्टी हें असतें. उपासनेपूर्वीं गीताची सर्वांत उंच ओळ एका बाईकडून व एका पोराकडून गाऊन घ्यावी, आणि ती त्यांस साधेपर्यंत पट्टी बदलावी. आवाज वाढविणाऱ्या यंत्रानें हें काम होत नाहीं. पौल १ करिंथ १४ मध्यें पांवा व वीणा ह्यांचें उदाहरण देतो, तें आवाजाच्या मोठेपणाविषयीं नाहीं. एक स्वर दुसऱ्यापासून निराळा ओळखूं यावा ह्याविषयीं आहे. आणि त्याच अध्यायांत तो आत्म्यानें व बुद्धीनेंही गाण्याचा आपला निश्चय सांगतो. बुद्धीला शिक्षण लागतें.

पहिले सहा महिने बेसूर ऐकावें लागेल. शेजाऱ्यांस त्रास होईल, पाळकाच्या घरासही होईल. वडीलमंडळानें तो सोसावा. ज्या मुलाला पहिल्याच रविवारीं "बंद कर" म्हटलें, तें पुन्हां पेटीजवळ येत नाहीं. मंडळीच्या वर्गणींतून मंडपाचा व ध्वनिक्षेपकाचा खर्च निघतो. त्याच वर्गणींतून शिकविणाऱ्याला महिन्याला कांहीं देणें अशक्य नाहीं. उसाची तोड सुरू झाली कीं संध्याकाळीं कोणी जमत नाहीं, म्हणून आरंभ पावसाळ्यांत करावा. तेव्हां घरीं बसणें होतें. भाता आधीं दुरुस्त करून घ्यावा. आणि पेटीची किल्ली कोणाकडे असावी, हें वडीलमंडळाच्या पुढच्याच बैठकींत ठरवावें. ज्या घरीं मुलांची ये-जा आहे त्या घरीं ती ठेवावी.