शिकविणाऱ्याचे देणे

मनुष्य आणि पशू यांच्यामधील सीमारेषा देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६३७ साली भाषेच्या ठिकाणी आखली. त्याचा युक्तिवाद मोठा चतुर होता. जन्मतः मुके-बहिरे असलेले लोकही आपले मनोगत कळविण्यासाठी काही ना काही खुणा निर्माण करतात. पशू तसे करीत नाहीत. सबब त्यांना विवेकबुद्धी नाही. पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ही रेषा तपासून पाहिली, तेव्हा त्यांनीही खुणांचीच वाट धरावी हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो.

त्यापूर्वी तोंडाने बोलावयास शिकविण्याचा एक प्रयत्न फसला होता. कीथ आणि कॅथरीन हेज या दांपत्याने व्हिकी नावाचे चिंपांझीचे पिल्लू पोटच्या मुलासारखे वाढविले. परंतु बराच खटाटोप करूनही तिला चारच शब्द, तेही घोगऱ्या कुजबुजीत, उच्चारता आले. चिंपांझीचा कंठ आपल्या उच्चारांना अनुकूल नसतो, हात मात्र विलक्षण चपळ असतात. हे हेरून ॲलन व बिॲट्रिक्स गार्डनर यांनी १९६६ मध्ये नेवाडा राज्यातील रीनो येथे वॉशो नावाच्या मादीस कर्णबधिरांची खुणांची भाषा शिकविण्यास आरंभ केला. तिच्यासमोर कोणी तोंडाने बोलावयाचे नाही, असा घरचा दंडक होता. चारेक वर्षांत वॉशो सव्वाशेहून अधिक खुणा करू लागली.

मग आला निम. त्याचा जन्म १९७३ चा. कोलंबिया विद्यापीठाचे हर्बर्ट टेरेस यांनी त्याचे नाव 'निम चिंप्स्की' ठेवले. भाषा ही मानवाचीच ठेव असे मानणाऱ्या नोम चॉम्स्की यांना काढलेला तो चिमटा होता. निमही सुमारे सव्वाशे खुणा शिकला. पण १९७९ मध्ये टेरेस यांनी 'सायन्स' या नियतकालिकात उलटाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. चित्रफिती बारकाईने तपासता त्यांना दिसले की, निमच्या पुष्कळशा खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल होत्या. मुलांची वाक्ये वयाबरोबर वाढत जातात, तशी त्याची वाढत नव्हती. त्याची सर्वांत लांब उक्ती सोळा खुणांची होती, पण तीत संत्रे, दे, खा, मी, तू एवढेच शब्द उलटसुलट आले होते. गार्डनर आणि त्यांचे सहकारी रॉजर फाउट्स यांनी शिकविण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवले. एका ओक्याबोक्या खोलीत, सतत बदलणाऱ्या शिक्षकांकडून कोणते मूल भाषा शिकेल, असा त्यांचा सवाल होता. सवाल योग्य आहे. तरीही व्याकरणाच्या मुद्द्यावर टेरेस यांचे पारडे आम्हांस जड वाटते.

आमची उमेद सरकारी फायलींत गेली. तेथे एक खोड अंगवळणी पडते. ज्या मुद्द्यावर टिपणी मागविली असेल, तेवढ्यावरच लिहावयाचे, आणि फाईल पुढे सरकवावयाची. 'हा प्राणी वाक्यरचना करतो काय?' यावर विद्वानांनी रकानेच्या रकाने भरले. 'प्रयोग संपल्यावर या प्राण्याचे काय?' ही फाईल मात्र उघडलीच गेली नव्हती. मनुष्यांच्या घरात, त्यांचे कपडे घालून वाढलेल्या निमला १९७७ मध्ये ओक्लाहोमातील पिंजऱ्यात परत धाडण्यात आले. काही वर्षांनी त्याची व त्याच्या सोबत्यांची न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधनशाळेकडे विक्री झाली. ओरड झाल्यामुळे निम सुटला आणि टेक्सासमधील आश्रयस्थानात गेला. २००० साली, सव्वीसाव्या वर्षी, तो तेथेच वारला.

कोणी म्हणेल, निमला जे येत होते ती भाषाच नव्हती. मग एवढा कळवळा कशासाठी? आमच्या मते येथेच विचाराची गफलत होते. निमला व्याकरण आले नसेल, मागणे मात्र आले होते; आणि हात उचलला की समोरचा उत्तर देतो ही अपेक्षा आपणच त्याच्या ठायी रुजविली होती. आपले देणे त्या अपेक्षेपोटी आहे. ते वाक्यरचनेवर अवलंबून नाही. तसा दारातला कुत्राही भाकरी मागतो, आणि त्याचेही आपण देणे लागतोच. पण कुत्र्याचे मागणे कोणत्याही घरी कळते. खुणेचे तसे नाही. ती जाणणारा समोर नसेल तर ते निव्वळ हातवारे ठरतात. त्याची मागण्याची रीत आपण अशा लिपीत बसविली, जी आपल्यापैकी मोजक्यांनाच वाचता येते, आणि नंतर ती न वाचणाऱ्यांच्या हाती त्याला सोपविले.

वॉशोचे नशीब थोडे बरे. फाउट्स यांनी तिला अखेरपर्यंत अंतर दिले नाही. १९७९ मध्ये तिचे पिल्लू दगावल्यावर लूलिस नावाचे पोर तिच्या ओटीत घालण्यात आले. त्याच्यासमोर माणसांनी मोजक्या सात खुणांपलीकडे काही करावयाचे नाही असे ठरले होते. तरी तो वॉशोकडून व इतर चिंपांझींकडून पन्नासाच्या आसपास खुणा शिकला. शाळेत मराठी नसतानाही घरात आजीच्या तोंडून ती उचलणाऱ्या आपल्या नातवंडांची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहिली नाही. वॉशो २००७ मध्ये वारली.

निमचा सोबती बुई याला असे कोणी लाभले नाही. त्या संशोधनशाळेत त्याला हिपॅटायटिस सीची लागण करण्यात आली. १९९५ मध्ये, एका तपाहून अधिक काळानंतर, फाउट्स दूरचित्रवाणीच्या चमूसह त्याच्या पिंजऱ्यासमोर गेले. बुईने त्यांना ओळखले, आणि कानाच्या पाळीला बोट लावून त्यांच्या नावाची जुनी खूण केली. निरोपाची वेळ आली तेव्हा तो पिंजऱ्याच्या मागच्या बाजूस सरकला. ते चित्रण पाहून लोक हेलावले, आणि त्याच वर्षी बुईची रवानगी कॅलिफोर्नियातील आश्रयस्थानात झाली. २०११ पर्यंत तो जगला.

त्या इमारतीत इतरही पुष्कळ चिंपांझी होते. त्यांतल्या कित्येकांना कोणी कधी एकही खूण शिकविली नव्हती. कॅमेरा त्यांच्यापुढेही नेला असता, तर त्यांनी काय केले असते? आमच्या विवेचनाप्रमाणे त्यांचे देणे कमी ठरते, आणि हे लिहिताना आमचा हात अडखळतो.