अडीच सेकंद

बसा. लॅबमधला पंखा घरघरतोय, घरघरू द्या.

समोर पडदा. पडद्यावर एक छोटी गाडी. खरी नाही, दोन-चार समीकरणं आहेत, कुणीतरी त्यांना चाकं काढून दिलीत.

जॉयस्टिकवर अंगठा ठेवा. नुसता ठेवा.

श्वास घ्या. सोडा.

आता हलकेच पुढे ढकला, आणि सोडून द्या.

काहीच होत नाही.

थांबा.

अंगठा केव्हाच स्वस्थ झालाय. गाडी आत्ता निघते.

हा उशीर मुद्दाम घातलेला आहे, चंद्रावरची गाडी इथून चालवताना होतो तेवढा. चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटर लांब. हुकूम जायला सव्वा सेकंद, चित्र यायला सव्वा सेकंद.

1961. स्टॅनफर्डमध्ये जेम्स अ‍ॅडम्स नावाचा विद्यार्थी सायकलची चाकं लावलेल्या गाडीला हाच उशीर जोडून बघतो. ताशी तीनशे मीटर, एवढ्याच वेगापर्यंत गाडी ऐकते. त्यापुढे भरवसा नाही.

1970 च्या नोव्हेंबरात लुनोखोद-1 ही सोव्हिएत गाडी खरोखरच चंद्रावर उतरते. चालवणारे क्रायमियात. त्यांना दिसतं तेही सलग नाही. एक स्थिर चित्र, मग पुढचं.

तुम्ही इथेच राहा. पडद्यापाशी.

पुढे दगड आहे. गाडी डावीकडे वळवा.

वळत नाही.

आणखी थोडं वळवावंसं वाटतंय ना? त्या ‘आणखी’कडे बघा. अंगठ्यात कुठे आहे तो?

अंघोळीला पाणी गार लागतं, आपण गरम नळ सोडतो, आणखी सोडतो, आणि मग पोळतं. तोच हा हात.

आणखी वळवलंतच, तर दोन्ही वळणं पाठोपाठ पोचतात. गाडी भलतीच वळते. उलट फिरवा, तेही उशिरा. मागे उमटलेली रेघ बघा: डावीकडे, उजवीकडे, दर फेरा आधीच्याहून रुंद.

गेन, म्हणजे अंगठ्याला गाडी किती दाद देते ते, खाली आणा. अर्ध्यावर. आणखी खाली.

एमआयटीत, 1960 च्या दशकात, विल्यम फेरेल लोकांना उशिरा हलणारा यांत्रिक हात चालवायला देतो. थोडं हलवायचं, थांबायचं, बघायचं. कुणी न शिकवता लोक आपसूक असंच करू लागतात.

तसंच करा.

थोडं ढकला. सोडा.

पंखा ऐका.

एक. दोन. अजून अर्धा.

गाडी हलते, बोटभर. दगड किंचित सरकल्यासारखा वाटतो.

अंगठा अजून वर असू द्या.